मिठाला पाणी सुटते तेव्हा: किनाऱ्यावर जुनी एसयूव्ही घेताना

‘एकच मालक, कायम शेडमध्ये उभी, फक्त बाजारापुरती बाहेर काढलेली, बारा वर्षांत अवघी ४८ हजार किलोमीटर.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळल्या की अशी एखादी हमखास सापडते आणि घेणाऱ्याचा जीव तिच्यावर जडतो. तेवढ्याच किमतीत दुसरी गाडी असते, पाच वर्षांची, पण १ लाख २५ हजार किलोमीटर पळालेली. आकडा बघूनच माणूस तिला बाजूला टाकतो.

किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत हा निवाडा बहुतेक वेळा उलटा करायला हवा. इंजिनाची झीज किलोमीटरमध्ये थोडीफार मोजता येते. पत्र्याची झीज वर्षांत मोजावी लागते, आणि वर्षे कुठे काढली तेही विचारावे लागते.

आधी इंजिनाचा हिशेब करू, कारण ‘कमी चाललेली’ या शब्दांचा भुलावा तिथेच सुरू होतो. पहिली गाडी घर ते बाजारपेठ अशी दर वेळी साधारण सहा किलोमीटर धावली असे धरा. ४८ हजार भागिले ६, म्हणजे इंजिन ८ हजार वेळा थंड अवस्थेतून सुरू झाले. दुसरी गाडी मुंबई-गोवा महामार्गावर एका दमात सरासरी ६० किलोमीटर धावली असेल, तर तिचे इंजिन जेमतेम २१०० वेळा सुरू झाले. थंड इंजिन सुरू करताना ऑइल खाली ओघळून गेलेले असते आणि वरच्या भागांना ते पुन्हा पोचेपर्यंत धातू जवळजवळ कोरडाच घासतो. शिवाय एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. लांबच्या प्रवासात ही वाफ बाहेर निघून जाते. सहा किलोमीटरमध्ये सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ आतच थिजते आणि सायलेन्सर आतून सडतो. ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू करून ठेवतो’ असे विकणारा अभिमानाने सांगतो, पण त्या पाच मिनिटांनी गाडीचे नुकसानच होते. सुरू करायचीच तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी.

इंजिन दुरुस्त होते, सायलेन्सर बदलता येतो. बदलता येत नाही तो गाडीचा सांगाडा, आणि खाऱ्या वाऱ्याचा रोख त्याच्यावरच असतो.

कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत आहे, कारण मृगाचा पाऊस सुरू झाला की मिठाला पाणी सुटते. हे पाणी मिठातून येत नाही. मीठ ते हवेतून ओढून घेते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळते. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढू लागते. म्हणून जाडे मीठ शुद्ध केलेल्या मिठाच्या आधी ओले होते. किनाऱ्यावर हवा ३३ टक्क्यांच्या खाली क्वचितच कोरडी होते. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर येऊन पत्र्यावर बसले की तिथे डोळ्यांना न दिसणारा खाऱ्या पाण्याचा थर वर्षभर थोडाफार ओलाच राहतो. गंज चढायला पावसाची वाट बघावी लागत नाही.

आता एक थेंब जवळून बघू. केंब्रिजमध्ये गंजाचे अभ्यासक यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हा प्रयोग गाजवला आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्यात आधीच थोडे फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळलेले असते. पहिले अल्क दिसले की गुलाबी होते, दुसरे विरघळलेले लोखंड दिसले की निळे. सुरुवातीला थेंबभर निळे-गुलाबी ठिपके विखरून दिसतात. थोड्या वेळाने ते आपापल्या जागा पकडतात: थेंबाचा मध्य निळा, कडा गुलाबी, आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी गंजाचे कडे.

असे का होते? थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, हवेतला ऑक्सिजन तिथे लगेच पोचतो. मध्यभागी थर जाड असल्याने ऑक्सिजन कमी पोचतो. लोखंडाच्या अणूने मध्यभागी दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरायचे, ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जायचे आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड तयार व्हायचे, अशी ही एक छोटी बॅटरीच चालू होते. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून बॅटरी जोरात चालते. नेमकी गोष्ट ही की लोखंड झिजते ते ऑक्सिजन कमी असतो तिथे, आणि गंज दिसतो तो बाजूला.

पुढचा टप्पा आणखी वाईट. झिजणाऱ्या जागी धन भाराचे लोह-आयन जमतात, ते क्लोराइडला आपल्याकडे खेचतात. आयर्न क्लोराइडची पाण्याशी अभिक्रिया होऊन तिथे आम्ल तयार होते, आम्लामुळे लोखंड आणखी वेगाने विरघळते, आणखी क्लोराइड आत येते. एकदा खड्डा पडला की तो स्वतःच स्वतःला खोल करत जातो. वरून पाहणाऱ्याला रंगाखाली मसुराएवढा फुगवटा तेवढा दिसतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते, म्हणून रंग उचलला जातो.

हे समजले की गाडीत गंज कुठे शोधायचा ते आपोआप कळते. ऑक्सिजन कमी आणि ओल जास्त अशा जागा म्हणजे चिखलाच्या थराखाली, दोन पत्रे एकमेकांवर वळवून दाबलेल्या दाराच्या खालच्या कडेत, रबरी मॅटखाली, चासीच्या, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी चौकटीच्या, बंद पोकळ्यांत. आणि शेडचे कौतुक किती करायचे तेही कळते. उघड्यावरच्या बोनेटवरचे मीठ चार महिन्यांच्या पावसात निदान धुऊन जाते. किनाऱ्यालगतच्या उघड्या बाजूंच्या शेडमध्ये वारा मीठ आणतच राहतो, पाऊस मात्र ते धुवायला येत नाही. गाडीच्या पोटाचेही तसेच. शेडमुळे उन्हापासून रंग वाचतो, डॅशबोर्ड वाचतो. पोट वाचत नाही.

आकडे बघा. वातावरण धातूला किती खाते याचे वर्ग आयएसओ ९२२३ या मानकात ठरवले आहेत. त्यातल्या सी५ वर्गात, म्हणजे समुद्रकाठच्या खाऱ्या-दमट जागांसारख्या ठिकाणी, उघडे पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजते. गाडीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, म्हणजे ७०० ते ८०० मायक्रॉन असते. रंग आणि जस्ताचा थर शाबूत आहे तोवर हा वेग लागू होत नाही. तो थर एका जागी फुटला आणि खाली बंद फट असली, की भोक पडायला मोजकी वर्षे पुरतात. मीठ समुद्रापासूनच्या पहिल्या काही शे मीटरमध्ये सर्वांत जास्त पडते आणि पुढे झपाट्याने कमी होते. त्यामुळे हर्णै, गुहागर किंवा मालवणच्या किनाऱ्यावर उभी राहिलेली गाडी आणि समुद्रापासून आत असलेल्या देवरूखची गाडी एकाच मापाने मोजू नये. नंबरप्लेटवर एमएच-०८ (रत्नागिरी) आहे की एमएच-०९ (कोल्हापूर) यावरूनही ठरवू नका, गाडी रात्री कुठे उभी असे ते विचारा.

शनिवारी लोखंड घेऊ नये ही समजूत गाड्यांच्या खरेदीतही अजून पाळली जाते. लोखंडाला वार कळत नाही, त्याला ओल आणि मीठ कळते. शनिवारी मेकॅनिकला वेळ असेल तर शनिवारीच गाडी बघायला जा, आणि आरशाला बांधलेल्या लिंबू-मिरचीपेक्षा स्टेपनीच्या खड्ड्यावर जास्त लक्ष द्या.

बघायला जाताना टॉर्च, पेचकस आणि कपड्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक न्या. गाडी रॅम्पवर घ्यायला लावा, नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांसारख्या वेगळी चासी असलेल्या गाड्यांत जाड पोलादावर तपकिरी पावडरीसारखा गंज असला तर घाबरू नका, तो घासून निघतो. पापुद्रे सुटत असतील तर मात्र पेचकसाच्या मुठीने ठोकत चला. धड पोलाद खणखणीत वाजते, सडलेले भद्द वाजते. मागच्या पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे आधार, शॉकअप बसतो ती जागा, आडव्या पट्ट्यांचे जोड, पाणी निघून जाण्याची भोके हे सगळे बोट घालून तपासा. क्रेटा, डस्टर, एक्सयूव्ही५०० अशा गाड्यांना वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच भार पेलतो. त्यामुळे दाराखालचा लांब बॉक्स आणि बोनेटखाली शॉकअपचा वरचा माथा या दोन जागी गंजाने भोक पडलेले दिसले तर गाडी सोडून द्या. तिथे वेल्डिंग करून ठिगळ लावलेली गाडी अपघातात कशी दुमडेल याचा भरवसा नाही.

पोटाला ताजे, काळे, चकचकीत अंडरकोटिंग, म्हणजे गंजरोधक लेप, दिसले तर सावध व्हा. गंज न काढता वरून मारलेला थर मीठ आणि ओल आत कोंडतो, म्हणजे इव्हान्सच्या थेंबाचा मध्यच कायमचा तयार करतो. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ असलेल्या कोटिंगच्या जाहिरातींनाही हेच लागू आहे: खालचा पत्रा स्वच्छ आणि कोरडा होता का, एवढाच प्रश्न खरा. चुंबक दाराच्या खालच्या भागात धरत नसेल तर तिथे पुट्टी भरली आहे. डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, गाडीतून मासळीची टोपली नेली असेल तर बर्फाचे खारे पाणी तिथेच साचते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने रोज जाणारी गाडी जेटीच्या उतारावरचे खारे पाणी चाकांनी स्वतःच्या पोटावर उडवते. वाळूत, लाटांच्या कडेने फिरवलेली गाडी तर घेऊच नये. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात होते, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे राहून जाते. ब्रेकच्या डिस्कवर रात्रीतून आलेला तांबूस थर मात्र निरुपद्रवी असतो, दोन-चार ब्रेक मारले की निघतो.

आता जास्त पळालेल्या गाडीकडे. तिला मोकळीक देऊ नका. क्लच, सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, चाकांचे बेअरिंग, इंजेक्टर आणि टर्बो यांतले काय बदलले त्याची बिले मागा. त्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर चढत्या क्रमाने जुळायला हवेत, कारण डिजिटल मीटर मागे फिरवता येतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करा. निळा धूर दिसला तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक मानक) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला त्याला साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागते आणि ते सलग लांब चालवण्यातूनच मिळते. म्हणजे इथेही महामार्गावर पळालेली गाडी सरस ठरते. तुमचे स्वतःचे रोजचे चालवणे चार-पाच किलोमीटरचे असेल तर बीएस-६ डिझेल नको, पेट्रोल घ्या.

कोणतीही घेतली तरी टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर वयाने कडक होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-४ ऑइल ताजे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण जेमतेम पावणेचार टक्के पाणी शोषले की ही हमी १५५ अंशांवर येते. आंबा किंवा फोंडा घाट उतरताना ब्रेक तापले की त्या ऑइलमध्ये वाफ होते आणि पॅडल जमिनीला टेकते. बारा वर्षांच्या ‘कमी चाललेल्या’ गाडीत हे ऑइल कधी बदलले ते मालकालाही आठवत नसते.

गाडी घरी आली की पहिल्याच रविवारी गोड्या पाण्याने पोट धुवा, प्रेशर बेताचे ठेवा, आणि पागोळ्या थांबल्यावर महिन्यातून दोनदा हेच चालू ठेवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोके असतात, लाल मातीने ती बुजतात आणि दारात पाणी साचते. ती मोकळी करायला तार नको, तारेने रंग खरवडतो. माडाच्या झावळीचा हीर त्यात बरोबर जातो.