हळदीचं ‘नॅनो’: पार्श्वभूमी

हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, १८१५ मध्ये वेगळं काढलं गेलं, त्याची रचना १९१० मध्ये उलगडली. आपला विषय म्हणजे त्याला अतिसूक्ष्म, ‘नॅनो’ कणांत बंद करणं; त्यापुरती पुढची बरीच वर्षं सोडून देता येतात.

जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं आणि भारताने जुने दाखले पुढे केल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं. ती लढाई आजही सांगितली जाते. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी छापलेली चाचणी खरं तर जास्त महत्त्वाची. निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिऱ्यातलं पिपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. परीक्षानळीतला दमदार अँटिऑक्सिडंट पोटात गेल्यावर हरवतो, हे तेव्हा उघड झालं.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि टिकतही नाही. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, उन्हात वाळत घातला की उडतो. प्रयोगशाळेतही ३७ अंशांना, रक्ताच्या जवळपासच्या पीएचला (आम्लतेच्या पातळीला), अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन नाहीसं होतं.

म्हणून त्याला जपणारं आवरण हवं. पीएलजीए जातीचं पॉलिमर (लांब साखळीचा, शरीरात मोडणारा पदार्थ) १९७०च्या दशकापासून विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यात होतंच. १९८९ मध्ये त्यात भरलेल्या हार्मोनच्या इंजेक्शनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. शरीरात त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं. कृती साधी आहे: कर्क्युमिन आणि पॉलिमर दोन्ही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. पाणी दुधाळ पिवळं होतं आणि, जमलं तर, तळाशी गाळ बसत नाही.

घोळ आहे तो ‘नॅनोकर्क्युमिन’ या शब्दाचा. २००७ मध्ये ज्या शोधनिबंधामुळे तो गाजला, त्यातल्या पॉलिमरचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा होता. पीएलजीएसारखा पाण्याने तुटणारा नव्हे. तरी पुढे दोन्ही एकाच नावाखाली मोजले गेले. साबणासारख्या रेणूंचे मायसेल, म्हणजे इवले गोळे, आले, नुसती बारीक दळलेली पूडही आली, नाव तेच. दुसरीकडे पीएलजीएचे कण बहुधा १०० नॅनोमीटरच्या वरच भरतात. युरोपची २०११ची व्याख्या १०० वर थांबते, म्हणजे तिच्या हिशेबात यातले पुष्कळसे ‘नॅनो’च नाहीत. अमेरिकेची २०१४ची आणि भारताची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं, आकारामुळे गुणधर्म बदलत असतील तर, १००० पर्यंत सूट देतात. आकाराचा हा वाद मला तरी दुय्यम वाटतो. आवरण शरीरात मोडतं का, हे आधी विचारायला हवं. आमच्या घरी कुणीतरी आणलेल्या बाटलीवर ‘नॅनो’ ठळक आहे, आवरण कशाचं ते कुठेच नाही.

२०१७ मध्ये एका परखड आढाव्याने १२०हून जास्त मानवी चाचण्या मोजल्या आणि दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित (कुणाला औषध, कुणाला खोटी गोळी हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) अशी एकही यशस्वी नाही, असं म्हटलं. कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनाच चकवतं, म्हणजे गुण नसतानाही असल्याचं भासवतं, हा त्यातला जास्त झोंबणारा आरोप. नॅनोवाले म्हणतात, औषध पोचलंच नाही तर गुण कुठून येणार? पण तपासण्यांच्या आरोपाला हे उत्तर लागू पडत नाही.