अर्थ जाणं आणि अर्थ होणं

जुन्या गाडीचा लाइट बिघडला की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वायरिंग शॉर्ट झालंय." त्यात गॅरेजची भाषा आणखी घोळ घालते. अर्थ म्हणजे इंग्रजीतला earth: गाडीची लोखंडी बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते आणि तीच करंटची परतीची वाट. प्लसची वायर बॉडीला टेकली तर "वायर अर्थ झाली" म्हणतात आणि बल्बचा बॉडीशी असलेला जोड तुटला तर "अर्थ गेला" म्हणतात. शब्द एकच, बिघाड मात्र बरोबर उलटे. अर्थ गेला की करंटला बॅटरीकडं परतायला धड वाट उरत नाही. अर्थ झाला की बल्बपर्यंत पोचायच्या आधीच परतीची वाट सापडते. पहिल्यात लाइट मंदावतो, दुसऱ्यात, म्हणजे खऱ्या शॉर्टमध्ये, गाडी पेटू शकते.

आमची १९९८ ची मारुती ८०० सांगलीत गावभागात असते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा ती सीटपर्यंत बुडाली होती. पूर ओसरल्यावर इंजिन उघडलं, सीट वाळवल्या, गाळ काढला. मागचे लॅम्प कोणी खोलले नाहीत, कारण ते लागत होते. दोनेक वर्षांनी एक विचित्र लक्षण दिसायला लागलं. लाइट बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डच्या मीटरमधले बल्ब मिणमिणायचे. रात्री उजवा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेल लॅम्प त्याच तालावर लुकलुकायचा. एका गॅरेजमध्ये "शॉर्ट आहे" असं सांगून १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज घालून दिला. मिरजेच्या एका म्हाताऱ्या वायरमननी नुसतं ऐकून विचारलं, "फ्यूज किती वेळा उडाला?"

"एकदाही नाही."

"मग शॉर्ट कुठनं आलं? अर्थ बघा की."

सगळा फरक त्या एका प्रश्नात आहे. शॉर्टमध्ये करंट बेसुमार वाहतो, म्हणून फ्यूज जातो. नवा घातला तर तोही जातो. अर्थ गेला की करंट उलट कमी होतो. फ्यूज जाणार कशाला?

मग मीटरचे बल्ब का पेटायचे? मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलचं ५ वॅटचं आणि ब्रेकचं २१ वॅटचं. दोघांचं एक टोक बल्बच्या पितळी टोपीला जोडलेलं असतं आणि तिथून दोघांचा एकच अर्थ. तो तुटला की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेलच्या वायरनं पुढं येतो आणि पार्किंगच्या नि मीटरच्या बल्बांतून बॉडीत उतरतो. भलत्याच जागी बल्ब पेटला किंवा एक लाइट दिल्यावर दुसरा मंदावला, तर आधी अर्थच तपासावा. शॉर्ट असं वागत नाही.

खात्री करणं सोपं आहे. व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बल्बच्या टोपीला लावा (पिन मागपर्यंत पोचत नसेल तर लांब वायर जोडा). रीडिंग ०.२ व्होल्टच्या आत हवं. आमच्याकडं ४ च्या वर आलं. मल्टीमीटर नसेल तर बॅटरीच्या मायनसपासून होल्डरपर्यंत एक सुटी वायर धरा. लाइट झळकला की समजायचं. घरातला निऑनचा टेस्टर इथं वापरू नका, १२ व्होल्टवर तो पेटतच नाही.

डिकीतला अस्तराचा पुठ्ठा काढला तर काळ्या अर्थच्या वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाची स्क्रूखाली बसणारी धातूची कडी, सापडलं. त्याखाली वाळलेल्या गाळाची पापडी आणि तिच्याखाली फुगलेला गंज. स्क्रू घट्टच होता, म्हणून वरून काही कळत नव्हतं. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल नवं दाबलं, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. पुढच्या हेडलाइटलाही हाच नियम. व्होल्टेज १० टक्के घसरलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. गळिताच्या दिवसांत तासगाव रस्त्याला पुढं उसाची ट्रॉली कधी दिसते यावर किती अवलंबून असतं, हे तिथून रात्री आलेल्याला सांगायला नको. सगळेच लाइट मंद असतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर मात्र आधी चार्जिंग बघा.

आता शॉर्ट. याच्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात: पत्र्याच्या भोकातलं रबर निघालेलं असतं, डिकीच्या बिजागरीपाशी वायर वाकून वाकून चिरलेली असते, उंदरानं कुरतडलेली असते, किंवा फॉगलॅम्पसाठी कोणीतरी मध्येच वायर सोलून जोड मारलेला असतो. फ्यूजवर फ्यूज घालत बसू नका. त्या लाइनचे सगळे बल्ब काढा, फ्यूज काढा आणि त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांत २१ वॅटचा बल्ब जोडून स्विच द्या. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ देतो, म्हणून वायर तापत नाही. मग एकेक कनेक्टर सोडवत जा, वायरिंग हलवत जा. ज्या क्षणी तो विझेल, तिथंच दुखणं आहे.

फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. १० ची लाल पत्ती काढून २० ची पिवळी घातली किंवा पत्तीला चांदीचा कागद गुंडाळला, की पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी वायरच जळते, आणि ती कार्पेटखालून, पेट्रोलच्या टाकीजवळून गेलेली असते. अर्थ साफ केला त्याच दिवशी आमच्या गाडीतली पिवळी पत्ती काढून लाल घातली. ती अजून तीच आहे.