मालदीव म्हणजे मॉरिशस नव्हे

२०२४ च्या जानेवारीत लक्षद्वीपच्या फोटोंवरून जो गदारोळ उठला, त्यात आमच्या नात्यातल्या एका नवऱ्या मुलाचं मधुचंद्राचं बुकिंग जाता जाता वाचलं. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल नको ते लिहिलं, त्यांना निलंबित केलं गेलं, इकडे बहिष्काराचे मेसेज फिरायला लागले आणि मुलाच्या काकांनी फर्मान काढलं, ‘ते तिकीट आधी रद्द कर.’ तिकीट मॉरिशसचं होतं. नकाशा उघडून दाखवला तेव्हा काका जरा नरमले, पण हेका सोडला नाही. ‘दोन्हीकडे निळं पाणी, दोन्ही नावं म वरून. फरक काय तो सांग!’

फरक उंचीचा आहे. मॉरिशसमध्ये डोंगर आहे, मालदीवमध्ये नाही. ऐकायला हे भूगोलाच्या पेपरातल्या एका मार्काच्या उत्तरासारखं वाटतं, पण या दोन देशांच्या पैशाच्या आणि समाजाच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

गंमत अशी, की काका अगदीच चुकीचे नव्हते. हे दोन देश खरोखर एका घरातले आहेत आणि त्या घरात आपला सह्याद्रीही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट आजच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त जागेवरून सरकत होता, तेव्हा लाव्हा ओतला जाऊन दख्खनचा काळा कातळ तयार झाला. पट्ट उत्तरेकडे निघून गेला, चूल मात्र जागच्या जागी धगधगत राहिली. तिच्यावर पुढे लक्षद्वीप-मालदीव-चागोसचा समुद्राखालचा कणा उठला आणि फार मागाहून, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस. दख्खन थोरला, मालदीव मधला, मॉरिशस धाकटा. मधल्याचे ज्वालामुखी खचून पाण्याखाली गेले आणि त्यांच्या माथ्यावर वाढलेल्या पोवळ्यांची कडी तेवढी वर राहिली. सुमारे १,२०० बेटं, पण सगळी जमीन एकत्र केली तरी ३०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि निसर्गाने दिलेली सर्वांत उंच जागा अडीच मीटरसुद्धा नाही. धाकटा अजून ताठ उभा आहे. दोन हजार चौरस किलोमीटरचा पसारा आणि ८२८ मीटरचं शिखर.

डोंगर असला की पाऊस अडतो, ओढे-नद्या वाहतात, तलाव बांधता येतात, माती धरून राहते. मातीत ऊस लागतो. मॉरिशसचा सगळा इतिहास या उसाच्या वाढ्यांमधून गेलेला आहे. बेटावर मूळचे रहिवासी नव्हतेच. डच आले आणि गेले, फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून मळे उभे केले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १८३५ मध्ये गुलामी उठली, तेव्हा मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, आणले गेले, साडेचार लाखांच्या घरात. ते जिथे उतरत तो राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची माणसं बरीच होती. त्यांची पणतवंडं आज घरात क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली) बोलतात, मराठी शाळेत शिकतात, गणपतीत ‘झाकरी’ नाचतात (आपल्या कोकणातली जाखडीच ती) आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मधुचंद्राच्या पॅकेजात हे कुणी दाखवत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मळ्याभोवती जमलेल्या अशा समाजाची मुख्य अडचण वाटणीची असते. जमीन कुणाची, खुर्ची कुणाची, नोकरी कुणाची. १९६० च्या सुमारास इंग्रज सरकारने अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांना पाहणीसाठी पाठवलं. पुढे नोबेल मिळालेल्या या माणसाने मॉरिशसचं भवितव्य अंधारं असल्याचा निर्वाळा दिला होता. मलेरिया हटल्यामुळे लोकसंख्या भराभर वाढत होती, पीक एकच, वर चक्रीवादळं. १९६० च्या कॅरोल वादळाने घरंच्या घरं झोपवली होती. मीड यांचा अंदाज चुकला, पण का चुकला ते पाहण्यासारखं आहे. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने १९७० मध्ये निर्यात कारखान्यांसाठी कायदा केला, कपडे शिवणाऱ्या गिरण्या आल्या आणि मळ्यावर न जाणाऱ्या बायका पगार घेऊन घरी यायला लागल्या. युरोपने १९७५ पासून वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर बाजारभावापेक्षा चढ्या दराने घ्यायची हमी दिली. भारताबरोबर १९८२ मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यातून आपल्या शेअर बाजारात येणारा परदेशी पैसा मॉरिशसच्या पत्त्यावरून यायला लागला, कारण तिथल्या कंपनीला भांडवली नफ्यावर इथे कर पडत नसे. पर्यटन या सगळ्याच्या जोडीला होतं, एकटं कधीच नव्हतं.

मग टेकू एकेक करून निघाले. कापडाच्या जागतिक कोटा पद्धतीचा शेवट २००४ अखेर झाला आणि चीनच्या मालापुढे गिरण्या बंद पडल्या. युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, २००९ मध्ये जुनी हमीच संपवली. भारताने २०१६ मध्ये करार बदलला आणि पुढच्या एप्रिलपासून घेतलेल्या शेअरवर कर लावला. साखर कारखाने मिटत गेले. जे राहिले ते चिपाडावर वीज करून विकतात, आपल्याकडच्या सहवीज प्रकल्पांसारखे. इतकं होऊनही देश बसला नाही. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याला श्रीमंत देशांच्या यादीतसुद्धा घातलं. वर्षभरात करोनाने तिथून उतरवलं, ती गोष्ट वेगळी.

आता मॉरिशसला जी काळजी आहे ती मीड यांच्या नेमकी उलटी. साठच्या दशकात बाईमागे सहाच्या आसपास मुलं होती, आज दीडसुद्धा नाहीत. शिकलेली पोरं फ्रान्स, इंग्लंड, कॅनडाला जातात, गिरण्यांत बांगलादेश आणि मादागास्करचे कामगार दिसतात. वयाची साठी गाठली की सरकारकडून सरसकट मिळत आलेलं पेन्शन हा तिथला फार जिव्हाळ्याचा विषय. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे वय टप्प्याटप्प्याने ६५ वर न्यायचं जाहीर झालं तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. ज्या देशाला एके काळी तोंडं फार झाली होती, त्याला आज पेन्शनचा खर्च उचलणारे हात कमी पडतायत.

वाटणीचं दुखणं मात्र जुनंच. संसदेत निवडून आलेल्या ६२ जणांखेरीज कमी पडलेल्या समाजांसाठी आठपर्यंत जागा भरण्याची सोय आहे, आणि ती भरताना १९७२ ची जनगणना धरतात, कारण त्यानंतर समाजवार मोजणी केलेलीच नाही. आपल्याकडच्या वाचकाला यातली गोम लगेच कळेल. गुलामांचे वंशज असलेल्या क्रिओल लोकांच्या वाट्याला भरभराटीतलं फार थोडं आलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि शांत म्हणून मिरवणारा हा देश काही दिवस पेटला. गोऱ्या वाळूच्या जाहिरातीआड हे सगळं आहे.

मालदीवमध्ये यातलं जवळजवळ काहीच लागू होत नाही. तिथे हजारो वर्षांची वस्ती, एकच धिवेही भाषा (आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही तिचाच भाऊबंद बोलतात), एकच धर्म आणि नागरिकत्व फक्त मुसलमानांनाच. वंशावरून कोण कुणाचा हा प्रश्न पडत नाही. पडतो तो राहायचं कुठे हा. २०२२ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख १५ हजार माणसं मोजली गेली. त्यातला साधारण चौथा हिस्सा परदेशी मजूर, त्यांत सर्वाधिक बांगलादेशी. उरलेले १८७ च्या आसपास बेटांवर विखुरलेले, पण प्रत्यक्षात पाचातले दोघे राजधानी माले आणि तिला लागून असलेल्या बेटांवर. मुख्य माले बेट जेमतेम दोन चौरस किलोमीटर. डोंबिवलीत दिवस काढलेला माणूससुद्धा तिथल्या भाड्याच्या खोल्या पाहून हात जोडेल. एका खोलीत तीन पिढ्या, पाळीपाळीने झोपणं, रस्त्यावर स्कूटरच स्कूटर. घरात जागा नसलेली पोरं नाक्यावर, आणि नाक्यावर गर्दच्या टोळ्या.

बाहेरच्या बेटांवर का राहत नाहीत? कारण दोन-तीनशे वस्तीच्या बेटालाही जेट्टी हवी, शाळा हवी, दवाखाना, जनरेटर, पाण्याचं यंत्र हवं. हे १८७ वेळा करायचं. मॉरिशसमध्ये गावातला मुलगा बसने शहरातल्या शाळेत जातो आणि ती बस सरकार २००५ पासून विद्यार्थ्यांना फुकट देतं. मालदीवमध्ये दहावीनंतर शिकायचं म्हणजे अनेकदा बोटीने निघून मालेतल्या नातेवाइकाच्या उंबऱ्यावर उभं राहायचं. दरडोई खर्चाचा हा फरक कुठल्याही सरकारच्या कर्तबगारीने पुसता येत नाही.

पाण्याचंही तसंच. बेटाखालचं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारी पातळ साय. उपसा वाढला की ती फाटते. माले समुद्राचं पाणी गाळून पिते. ४ डिसेंबर २०१४ ला त्या गाळण यंत्रणेला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ एकाच दिवशी कोरडे पडले. भारताने विमानांनी बाटल्या पाठवल्या, नौदलाची जहाजं पाणी घेऊन गेली. यंत्र चालतं विजेवर, वीज मुख्यतः डिझेलवर, डिझेल येतं बाहेरून, त्याला लागतो डॉलर. तांदूळ, कांदा, सिमेंट, औषध, सगळ्यालाच डॉलर लागतो आणि डॉलर आणतो पर्यटक. त्याच्याखालोखाल टूना मासा, गळाने एकेक धरलेला. २०११ मध्ये मालदीव अतिगरीब देशांच्या यादीतून बाहेर पडला, म्हणून पुढे २०१४ मध्ये युरोपने त्याच्या टूनाची करमाफी काढून घेतली. साखरेचा मॉरिशसला बसला तसाच फटका. फक्त इथे पर्यटनाखेरीज दुसरा टेकू नव्हता.

पर्यटन १९७२ मध्ये सुरू झालं ते ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या पद्धतीने. दारू, बिकिनी वगैरे रिसॉर्टच्या बेटावर, गावं आपली वेगळी. संस्कृती राखायला हे सोयीचं होतं, पण पैसाही तिकडेच राहिला. नंतर गावांच्या बेटांवर गेस्ट हाउसना परवानगी मिळाली तेव्हा कुठे सामान्य माणसाच्या हाती काही लागलं. २०२४ मध्ये वीस लाखांवर पर्यटक आले, म्हणजे दर रहिवाशामागे चार. त्यात आपले कमी होते: २०२३ मध्ये २ लाख ९ हजारांच्या आसपास भारतीय गेले होते, पुढच्या वर्षी १ लाख ३० हजार. एकूण आकडा तरीही वाढला, म्हणजे काकांच्या फर्मानाने मालदीव काही बुडाला नाही. बुडण्याच्या बेताला आला तो कर्जामुळे. विमानतळ, पूल, भराव, घरं यांसाठी चीन, भारत आणि बाजारातून उचललेल्या पैशाचे हप्ते एकदम समोर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये देशांची पत ठरवणाऱ्या फिच संस्थेने मालदीवची पत ‘सीसी’पर्यंत, म्हणजे कर्ज बुडण्याच्या उंबरठ्यापर्यंत उतरवली, ऑक्टोबरमध्ये भारताने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय करून दिली आणि वेळ निभावली. मालदीवचं चलन रुफिया कागदोपत्री डॉलरला १५.४२ वर बांधलेला आहे; मालेच्या गल्लीत त्या भावाने डॉलर मिळत नाही.

धक्का एकच असला तरी दोघांना किती वेगळा बसतो, ते करोनात दिसलं. २०२० मध्ये मॉरिशसची अर्थव्यवस्था साधारण पंधरा टक्क्यांनी आकसली, मालदीवची एक तृतीयांशाने. २००४ च्या त्सुनामीत मालदीवमध्ये शंभराहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली आणि नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६२ टक्के इतकं झालं. पळून जायला चढण नव्हती.

समुद्र वाढण्याची बातमी दोन्हीकडे लागू आहे. मॉरिशसचे किनारे झिजतायत, २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाजाने खडकावर आपटून सुमारे हजार टन तेल सांडलं ती जखमही आहे. पण तिथल्या कोळ्याला वर सरकायला जागा आहे. मालदीवने १९९७ पासून समुद्रातून वाळू उपसून हुलहुमाले हे दोनेक मीटर उंचीचं नवं बेट उभं केलं. तेवढीच उंची आता विकत घेता येते, आणि तीही ज्या पोवळ्यांच्या जिवावर देश उभा आहे त्यांच्यावर गाळ टाकून.

आणि हो, हे दोघे एकमेकांचे शेजारीही आहेत. मॉरिशसचा हक्क सांगितला जाणारा चागोस द्वीपसमूह मालदीवच्या दक्षिणेलाच आहे. मधला समुद्र कुणाचा यावरून दोघे हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणात गेले आणि २८ एप्रिल २०२३ च्या निकालात तो जवळपास निम्मा-निम्मा वाटला गेला. त्या खटल्यात एका बाजूला माले होती, दुसऱ्या बाजूला पोर्ट लुई. चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी लष्करी तळासाठी १९७३ पर्यंत ज्या चागोसवासीयांना बोटींत घालून हलवलं, त्यांतले पुष्कळ जण पोर्ट लुईच्या कडेच्या गरीब वस्त्यांत राहिले. देशांच्या त्या खटल्यात त्यांना पक्षकार होता येत नव्हतं.