भूलशास्त्रातलं क्लिनिकल संशोधन

भुलीची औषधं, भूल द्यायच्या पद्धती आणि ऑपरेशन चालू असताना पेशंटची घेतली जाणारी काळजी यांचा खऱ्या माणसांवर काय परिणाम होतो ते तपासणं म्हणजे हे संशोधन. यातली मुख्य अडचण अशी की ज्याच्यावर अभ्यास चाललाय तोच नेमका त्या वेळी झोपलेला असतो, दुखतंय की थंडी वाजतेय काहीच सांगू शकत नाही, त्यामुळे सगळी भिस्त मॉनिटरच्या आकड्यांवर. आणि आकडा सुधारला म्हणजे पेशंट सुधारलाच असं नाही हे कळायला बरीच वर्षं गेली.

१६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टनने ईथर हुंगवून भूल देऊन दाखवली, तेव्हा संशोधन म्हणजे करून बघणं एवढंच होतं. पुढे क्लोरोफॉर्म आलं आणि १८४८ मध्ये इंग्लंडमधली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना दगावली, म्हणजे जखम केवढी आणि जीव गेला कशाने! भुलीने किती माणसं दगावतात याचा मोठा हिशोब मात्र १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी मांडला, अमेरिकेतली १० हॉस्पिटलं, जवळपास ६ लाख भुली, आणि भुलीशी संबंधित मृत्यू साधारण १५६० मध्ये १. क्युरारेसारखी स्नायू सैल करणारी औषधं दिलेल्यांत मृत्यू कितीतरी जास्त दिसले. दोष औषधाचा की ते वापरणाऱ्यांचा यावर मग चिक्कार भांडणं झाली.

पल्स ऑक्सिमीटरचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा तो चिमटा, १९७० च्या दशकात जपानमधल्या ताकुओ आओयागींच्या कल्पनेतून आलेला. १९९३ मध्ये २०,८०२ पेशंटचा अभ्यास छापून आला, निम्म्यांना चिमटा लावला निम्म्यांना नाही, कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. चिमटा लावलेल्यांत ऑक्सिजन कमी झाल्याचं कितीतरी जास्त वेळा लक्षात आलं, पण नंतरची गुंतागुंत आणि मृत्यू दोन्हीकडे सारखेच! म्हणून कोणी तो काढून टाकला का, तर नाही, कारण भुलीने जीव जाणं आता इतकं दुर्मिळ झालंय की फरक दाखवायला २० हजारही कमी पडतात (आणि खरं सांगायचं तर चिमट्याशिवाय भूल द्यायला आज कोणी धजावणार नाही).

उलटंही होतं. ऑपरेशनच्या वेळी हृदयावर ताण नको म्हणून बीटा ब्लॉकर द्यायची पद्धत चांगलीच रुळली होती, मग २००८ मध्ये पॉइझ नावाचा ८,३५१ पेशंटचा अभ्यास आला, त्यात मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरमुळे हार्ट अटॅक कमी झाले पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. फक्त हृदयाकडे बघितलं असतं तर औषध जिंकलंच होतं की.

पेशंटला गरम ठेवण्याचंही तसंच. १९९६ च्या २०० पेशंटच्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर जखमेत पू होण्याचं प्रमाण अंग गरम ठेवल्याने १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये ५ हजारांहून जास्त पेशंट घेऊन अंगाचं तापमान ३५.५ अंश सेल्सिअस विरुद्ध ३७ अंश अशी तुलना केली तर काही फरक नाही. विरोधाभास वाटतो, पण जुन्या अभ्यासातले थंड पेशंट सरासरी ३४.७ पर्यंत उतरले होते, म्हणजे फार गार पडू देऊ नका एवढं खरं, ३७ चा हट्ट नको.

ऑपरेशनमध्ये मध्येच जाग येणे हा लोकांच्या भीतीचा विषय. मेंदूच्या लहरींवरून भुलीची खोली मोजणारं यंत्र वापरल्यावर असे प्रकार ११ पेशंटऐवजी २ पेशंटमध्येच झाले असं २००४ चा एक अभ्यास सांगतो, २००८ मध्ये त्या यंत्राची तुलना श्वासातल्या भुलीच्या वायूच्या मोजमापाशी केली तर दोन्हीकडे २-२. आधीचा फायदा मग यंत्राचा होता की नीट लक्ष ठेवण्याचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

या शाखेला बनवाबनवीचा डागही आहे. जपानचे योशिताका फुजी यांचे ऑपरेशननंतरच्या मळमळीवरचे वगैरे १७० हून जास्त लेख बनावट आकड्यांचे निघाले, ते २०१२ मध्ये उघड झालं. इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी आकडेमोड करून दाखवलं की पेशंटच्या वय-वजनाचे आकडे निसर्गात असतात त्यापेक्षा फारच गुळगुळीत जुळतात, चोरी पकडली गेली ती अशी.

अलीकडे भर आहे तो पेशंटलाच विचारण्यावर. क्यूओआर-१५ (क्वालिटी ऑफ रिकव्हरी, म्हणजे पेशंट किती बरा झाला) ही १५ प्रश्नांची यादी त्यासाठीच, झोप लागली का, जेवण जातंय का, मळमळतंय का, स्वतःचं आवरता येतंय का असे प्रश्न, प्रत्येकाला ० ते १० गुण आणि एकूण १५०. भूल उतरून शुद्धीवर आल्यावर हे गुण पेशंट स्वतः देतो.