लिनक्स संगणकावर मराठी अक्षरे सर्वत्र सारखी दिसावीत म्हणून

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाण्यातील नौपाडा, वागळे इस्टेट आणि घोडबंदर रस्ता या भागांतील ज्या गृहनिर्माण संस्थांच्या, दवाखान्यांच्या आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांत आम्ही लिनक्स संगणक बसवून दिले आहेत, तेथून एक तक्रार वारंवार येते. ब्राउझरमध्ये अक्षरे रेखीव दिसतात, लिबरऑफिसमध्ये तीच अक्षरे जाड आणि पुसट होतात, आणि एखाद्या तिसऱ्याच प्रोग्रॅममध्ये शिरोरेषा मध्येच तुटल्यासारखी वाटते. अशा वेळी संगणकाला व्हायरस लागलेला नसतो आणि मॉनिटरही सहसा बिघडलेला नसतो. लिनक्सवर पडद्यामागे तीन सहायक प्रणाली काम करतात: कोणता फॉन्ट घ्यायचा हे फॉन्टकॉन्फिग ठरवते, जोडाक्षरे कशी जुळवायची हे बहुतेक प्रोग्रॅममध्ये हार्फबझ पाहते, आणि प्रत्यक्ष पडद्याच्या ठिपक्यांत (पिक्सेलमध्ये) अक्षर रेखाटण्याचे काम फ्रीटाइप करते. मात्र प्रत्येक प्रोग्रॅमला यांत स्वतःची पसंती मिसळण्याची मुभा असते, आणि घोळ होतो तो तेथे.

म्हणून सेटिंग बदलण्यापूर्वी एकच करावे: तेच पान कागदावर छापून पाहावे. छापील अक्षरे सुबक असतील, तर दोष केवळ पडद्यावरील रेखाटनाचा आहे. कागदावरही अक्षरांचे वळण वेगवेगळे असेल किंवा ओळी सरकलेल्या असतील, तर फॉन्टच बदललेला आहे, आणि पडद्याच्या सेटिंगशी कितीही वेळ झटापट केली तरी उपयोग होणार नाही. आमच्या अनुभवात दुसरा प्रकार अधिक आढळतो.

फॉन्ट बदलला जातो तो असा. संस्थेचे इतिवृत्त पूर्वी विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये टाइप केलेले असते. मंगल हा मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखालील फॉन्ट असल्याने तो लिनक्सबरोबर येत नाही, आणि आम्हीही त्याची नक्कल करून देत नाही. तो न सापडल्यामुळे फॉन्टकॉन्फिग जवळचा वाटणारा दुसरा फॉन्ट निवडते. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्या जागी येणाऱ्या लिबरेशन संचातील अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली असल्यामुळे इंग्रजी मजकूर जागचा हलत नाही. मराठी मजकुराची रुंदी मात्र बदलते आणि दोन पानांचे पत्र तिसऱ्या पानावर जाते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, fc-match Mangal:lang=mr ही आज्ञा दिली, की मराठीसाठी त्याऐवजी फॉन्टकॉन्फिग कोणता फॉन्ट निवडते ते कळते.

बदली आलेला फॉन्ट लोहित देवनागरी असेल, तर आणखी एक अडचण येते. त्यात केवळ साधे वजन (अक्षरांची जाडी) आहे, ठळक अक्षरे वेगळी काढलेली नाहीत. त्यामुळे ठळक मथळा हवा असेल तेव्हा संगणक साध्या अक्षरालाच कृत्रिमरीत्या फुगवतो आणि लहान आकारात ‘घ’ आणि ‘ध’ यांच्या पोटातील जागा बुजते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले, आणि त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसल्याने ‘ॲडव्होकेट’ या शब्दाचे पहिलेच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणलेले दिसते. म्हणून आम्ही सर्व कार्यालयांत नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांपैकी एकच फॉन्ट ठरवून देतो. दोन्हींत अनेक वजने आहेत. (फॉन्टच्या यादीत नकुल आणि सहदेव ही नावे दिसली, तर कोणी गंमत केली आहे असे समजू नये, ते खरोखरीचे देवनागरी फॉन्ट आहेत. नको असल्यास काढून टाकता येतात, आणि आमच्या मते काढावेतच, कारण पर्याय जितके जास्त, तितकी भलत्या निवडीची शक्यता जास्त.)

लिबरऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा नोंदवला जातो. मूळ फॉन्ट निवडताना पाश्चात्त्य लिपींसाठी एक आणि जटिल लिपींसाठी दुसरा असे दोन विभाग असतात, आणि देवनागरी दुसऱ्या विभागात मोडते. पहिल्याच विभागात बदल करून मराठी अक्षरे तशीच राहिली, ही तक्रार आम्हाला जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येते. फायरफॉक्समध्येही फॉन्टच्या प्रगत सेटिंगमध्ये देवनागरीसाठी स्वतंत्र निवड असते.

आता रेखाटनाविषयी. अक्षराच्या कडा ठिपक्यांच्या ओळींवर बसवण्याच्या क्रियेला हिंटिंग म्हणतात. शिरोरेषेची जाडी हिशेबाने दीड ठिपका येत असेल, तर तिला एक तरी ठिपका द्यावा लागतो किंवा दोन, नाहीतर ती राखाडी, धूसर राहते. पूर्ण हिंटिंग काही वेळा आडव्या दिशेलाही अक्षरे ओढते आणि शब्दांतील अंतर विस्कटते. सौम्य हिंटिंग केवळ उभ्या दिशेने काम करते, त्यामुळे शिरोरेषा ओळीत बसते आणि अक्षरांची रुंदीही अबाधित राहते. देवनागरीसाठी आम्ही सौम्य हाच पर्याय ठेवतो.

कडा मऊ करण्यासाठी रंगीत उपपिक्सेल पद्धत (ठिपक्यातील लाल, हिरवा आणि निळा भाग वेगवेगळे वापरणारी) आणि राखाडी पद्धत असे दोन मार्ग आहेत. पहिली पद्धत काही पडद्यांवर अधिक तीक्ष्ण दिसते, परंतु जीटीके ४ या प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनसंचावर बांधलेले प्रोग्रॅम ती वापरत नाहीत. म्हणजे ती निवडली, की निम्मे प्रोग्रॅम एका तऱ्हेने आणि निम्मे दुसऱ्या तऱ्हेने अक्षरे काढणार. एकसारखेपणा हवा असेल, तर सर्वत्र राखाडी ठेवणे इष्ट.

१९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या २४ इंची मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, तर तितक्याच ठिपक्यांच्या १४ इंची लॅपटॉपवर सुमारे १५७. लॅपटॉपवर अक्षरे बारीक वाटली म्हणून सर्व पडदा १२५ टक्के मोठा केला, तर वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-प्रणालीवर चालणारे काही जुने प्रोग्रॅम आधी लहान चित्र काढून मग ताणतात आणि अक्षरे पुसट होतात. त्याऐवजी पडदा १०० टक्केच ठेवून केवळ मजकुराचा आकार १.२५ पट करावा. जुन्या व्हीजीए केबलमुळेही धूसरपणा येतो. मॉनिटरला एचडीएमआय जोडणी असेल, तर ती वापरावी.

हे सर्व ठरवल्यानंतर आम्ही तुमच्या होम फोल्डरातील फॉन्टकॉन्फिगच्या फाइलमध्ये ते एकदाच लिहून ठेवतो. फ्लॅटपॅक स्वरूपातील, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळे ठेवून चालवले जाणारे, प्रोग्रॅम ही फाइल आपोआप वाचत नाहीत. त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. नवा फॉन्ट टाकल्यावर उघडे असलेले प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावेत.

दुरुस्तीसाठी कळवताना ‘कुऱ्हाड घेऊन दऱ्याखोऱ्यांतून आलेल्या ॲडव्होकेटांनी श्रद्धेने वाङ्मयाला चिठ्ठी लिहिली’ हे वाक्य दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून दोन्हींचे स्क्रीनशॉट आणि एक छापील प्रत पाठवावी. मोबाइलवर काढलेले पडद्याचे छायाचित्र पाठवू नये, कारण कॅमेऱ्यामुळे उमटणारे पट्टे आणि खरा दोष यांत फरक करता येत नाही.