टॅलीला जोडलेल्या क्वेरी का रखडतात : पार्श्वभूमी

ओडीबीसी, म्हणजे एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याला वाचू देणारी जोडणी, आले १९९२ मध्ये. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली माहिती एक्सेलमध्ये किंवा ॲक्सेसमध्ये ओढण्याची ही वाट पुढे कित्येक ऑफिसांच्या अंगवळणी पडली. टॅली उघडी ठेवायची, पोर्ट ९००० (जोडणीचा क्रमांक) वरून लेजरची (खात्यांची) नावे आणि क्लोजिंग बॅलन्स (अखेरची शिल्लक) मागवायचा. काही शे खाती असेपर्यंत कोणाची तक्रार नव्हती.

अडचण मुळातच होती. टॅलीचा डेटा एसक्यूएल डेटाबेसमध्ये नसतो, तिच्या स्वतःच्या फाइलींमध्ये असतो. ओडीबीसीतून दिसते ते टेबलाचे नुसते रूप. क्लोजिंग बॅलन्सचा आकडा मागितलेल्या तारखेपर्यंत हिशेब मांडून येतो. त्यात जोडलेल्या टेबलावर ॲक्सेसमध्ये स्वतःचे फंक्शन लावले, की गाळण्याची अट टॅलीपर्यंत पोचतच नाही. अख्खे टेबल इकडे येते, मग गाळले जाते. इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून टेबलाला जोडलेली सूची) लावा म्हणून सांगणारे बरेच भेटतात, लावणार कुठे?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मागणी शिलकांवरून थेट व्हाउचरवर, म्हणजे एकेका व्यवहाराच्या नोंदीवर, उतरली. जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांचे जीएसटी पोर्टलवरचे विवरण) नसलेल्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, बंद झाले. २बी येणार १४ तारखेला, मासिक ३बी (कराचे विवरणपत्र) भरायचा २० पर्यंत. त्या मधल्या दिवसांत २बीशी ताडायला वर्षभराची खरेदी टॅलीतून ओढायला घेतली, की स्क्रीन थिजते आणि पलीकडे बिल करणारा खोळंबतो.

म्हणून डेटाची प्रत वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवण्याचा मार्ग रुळला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. विरोधकांचे म्हणणे, प्रत शिळी असते. खरे आहे, पण ती तक्रार दुय्यम. प्रत्येक नोंदीला ऑल्टर आयडी, म्हणजे बदलाचा क्रमांक, असतो आणि बदल झाला की तो वाढतो. मागच्या आकड्याच्या पुढचे तेवढे आणले की काम मिनिटांत उरकते. खरी गोम डिलीट केलेल्या व्हाउचरची. ते यादीतूनच जाते, मग वाढलेला आयडी दिसणार कुठून? प्रतीत ते बिल तसेच राहते आणि खरेदी फुगते. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) सक्तीचा झाला, तरी तो माग सॉफ्टवेअरच्या आत राहतो, प्रतीत आपोआप उतरत नाही. त्यामुळे रात्री एकदा सगळ्या जीयूआयडींची (प्रत्येक नोंदीच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकांची) यादी आणून ताडून पाहावी लागते. कॅन्सल केलेल्या व्हाउचरचा हा त्रास नाही. ते आपल्या नंबरासकट जागेवरच असते.