संगीतसंग्रहाचे स्थलांतर: गाण्याची ओळख कुठे राहते?

घरातील जुना संगणक बंद करून त्यावरील हजारो गाणी नव्या म्यूझिक सर्व्हरवर, म्हणजे घरभर गाणी पुरवणाऱ्या संगणकावर, हलवली, की बहुधा फायली सगळ्या येतात आणि व्यवस्थित वाजतातही. हरवते ते वेगळेच: कोणते ध्वनिमुद्रण संग्रहात केव्हा आले, कोणते किती वेळा ऐकले, कोणत्याला किती तारे दिले, आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या प्लेलिस्टमध्ये काय काय होते. या हानीचे मूळ एखाद्या प्रोग्रॅमच्या दोषापेक्षा, गाण्याविषयीची माहिती गेल्या चार दशकांत कुठे कुठे ठेवली गेली या इतिहासात अधिक सापडते.

१९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन वाहिन्या, इतक्या काटेकोरपणे ध्वनी नोंदवला जात होता. मात्र गाण्याचे किंवा गायकाचे नाव लिहिण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. तबकडीवर असे ती फक्त कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची सूची. नावे वेष्टनावर छापलेली असल्यामुळे याची उणीव कोणाला भासली नाही. ती भासली नव्वदच्या दशकात, जेव्हा लोक सीडीतील संगीत संगणकावर उतरवून घेऊ लागले आणि हाती ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा निनावी फायली येऊ लागल्या. त्यावर सीडीडीबी हा उपाय निघाला. ट्रॅकांच्या सुरुवातीच्या जागा आणि तबकडीची लांबी यांवरून एक क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकाखाली इतरांनी टंकून ठेवलेली नावे इंटरनेटवरून मागवायची, अशी ती व्यवस्था होती. लोकांनी विनामोबदला भरलेला हा साठा पुढे ग्रेसनोट या नावाने व्यापारी झाला; त्याला पर्याय म्हणून फ्रीडीबी आणि २००० साली म्यूझिकब्रेन्झ उभे राहिले, आणि त्यांपैकी फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडले. सुरुवातीच्या सीडीडीबीत देवनागरीला जागाच नसल्याने मराठी तबकड्यांची नावे रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तशा स्पेलिंगने नोंदवण्यावाचून मार्ग नव्हता. आजही अनेक संग्रहांत एकाच गायकाच्या तीन-तीन नोंदी दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

नाव फायलीच्या आतच ठेवण्याची कल्पना १९९६ साली एरिक केंप यांच्या आयडी३ टॅगने, म्हणजे फायलीला जोडलेल्या माहितीच्या छोट्या पट्टीने, रुजवली. एमपीथ्री फायलीच्या शेवटी अवघे १२८ बाइट जोडायचे आणि त्यांपैकी ३० शीर्षकासाठी, ३० कलावंतासाठी, ३० अल्बमसाठी राखायचे, इतकी ती साधी रचना होती. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय संकेताच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्या हिशेबाने ‘मल्लिकार्जुन’ एवढ्या एका नावालाच ३६ बाइट लागतात, म्हणजे आडनावापर्यंत पोहोचण्याआधीच जागा संपते. संगीतप्रकारासाठी तर एकच बाइट होता, आणि त्यासोबतच्या ८० प्रकारांच्या मूळ यादीत ख्याल, नाट्यगीत किंवा अभंग यांना स्थान नव्हते. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने लांबीचे बंधन काढले आणि युनिकोडही स्वीकारला. २००१ साली जॉश कोल्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या फ्लॅक या, ध्वनीचा दर्जा न घटवता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपाने त्याही पुढचे पाऊल टाकले, कारण त्यात व्हॉर्बिस या दुसऱ्या ध्वनिस्वरूपाच्या पद्धतीच्या नोंदी वापरल्या जातात आणि त्यांमध्ये हव्या त्या नावाचा रकाना तयार करता येतो. हिंदुस्थानी संगीताच्या संग्राहकाला हे स्वातंत्र्य अत्यंत मोलाचे आहे असे मला वाटते. राग, ताल, तबल्याची आणि हार्मोनियमची साथ, मैफलीचे गाव यांना ‘अल्बम’ आणि ‘कलावंत’ या दोन कप्प्यांत कोंबावे लागत नाही, आणि ही माहिती फायलीसोबत कुठेही जाते.

मात्र ऐकण्यातून निर्माण होणारी माहिती फायलीच्या आत आली नाही, आणि स्थलांतराची अडचण नेमकी इथे आहे. त्याचे उदाहरण म्हणून एक जुना सर्व्हर पाहू. २००० साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ मध्ये स्लिमपीथ्री हे गाणी वाजवणारे यंत्र आणि २००३ मध्ये स्क्वीझबॉक्स आणला. यंत्र स्वतः गाणी साठवत नसे. घरातल्या संगणकावर चालणारा स्लिमसर्व्हर ती पुरवत असे. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी विकत घेतली, सर्व्हरचे नाव स्क्वीझसेंटर, मग स्क्वीझबॉक्स सर्व्हर आणि पुढे लॉजिटेक मीडिया सर्व्हर असे बदलत गेले, २०१२ मध्ये यंत्रांचे उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये कंपनीची ऑनलाइन सेवाही बंद झाली. तरीही सर्व्हरचा प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली असल्यामुळे वापरकर्त्यांनी तो जिवंत ठेवला आणि आता तो लिरियन म्यूझिक सर्व्हर या नावाने चालतो. वीस वर्षांपूर्वीची यंत्रे अजून गातात, याचे श्रेय त्या परवान्याला आणि या लोकांच्या चिकाटीला आहे.

या सर्व्हरमध्ये दोन डेटाबेस असतात. पहिला संग्रहाच्या सूचीचा. तो पुसला तरी फायली पुन्हा तपासून नव्याने तयार होतो. दुसरा ‘पर्सिस्ट’ नावाचा. त्यात किती वेळा ऐकले, शेवटचे केव्हा ऐकले, किती तारे दिले आणि गाणे संग्रहात केव्हा आले, हे असते. या दुसऱ्यातील प्रत्येक नोंद गाण्याच्या पत्त्यावरून, म्हणजे फोल्डर आणि फायलीच्या पूर्ण मार्गावरून काढलेल्या सांकेतिक अंकाशी बांधलेली असते. विंडोजच्या ‘डी’ ड्राइव्हमधला संग्रह लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीच्या नव्या फोल्डरात गेला, की प्रत्येक पत्ता बदलतो आणि जुन्या नोंदींना त्यांची गाणी सापडत नाहीत. त्याच तक्त्यात म्यूझिकब्रेन्झने ध्वनिमुद्रणाला दिलेला क्रमांक ठेवण्याचीही सोय आहे, म्हणजे पत्त्यावर विसंबणे पुरेसे नाही याची जाणीव रचनाकारांना होती. नॅव्हिड्रोम या अलीकडच्या सर्व्हरमध्येही दीर्घकाळ हीच स्थिती होती. २०२५ च्या ०.५५ आवृत्तीत टॅगांवरून ठरणारी स्थायी ओळख आली, तेव्हा कुठे फाइल हलवल्यावरही तिचा ऐकण्याचा इतिहास टिकू लागला.

पत्त्याच्या बाबतीत मराठी संग्रहाला एक खास धोका आहे आणि तो क्वचितच कोणी सांगतो. ‘कऱ्हाड’ किंवा ‘तऱ्हा’ यांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे म्हणून. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस या फाइल-व्यवस्थेत असे अक्षर फोडून साठवले जाई, तर लिनक्स दिलेले नाव जसेच्या तसे ठेवतो. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात, परंतु लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फायली असतात, आणि प्लेलिस्टमध्ये एक रूप व डिस्कवर दुसरे असेल तर गाणे समोर असूनही ‘सापडत नाही’ असा संदेश येतो. आरसिंक या फायलींची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत करतानाच हे रूपांतर करण्याचा पर्याय आहे. शिवाय विंडोजला ‘राग’ आणि ‘बंदिश’ यांच्यामध्ये घातलेला विसर्गासारखा कोलन चालत नाही, आणि रोमन नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा फरक तो मानत नाही, लिनक्स मानतो.

म्हणून जाणकार संग्राहक आधी टॅग पूर्ण करून घेतात, पर्सिस्ट डेटाबेसची वेगळी प्रत काढतात, प्लेलिस्टमध्ये शक्य तिथे पूर्ण मार्गाऐवजी सापेक्ष मार्ग (प्लेलिस्टच्या स्वतःच्या जागेपासून मोजलेला) ठेवतात आणि नव्या सर्व्हरवर शक्यतो जुनाच फोल्डर-मार्ग उभारतात. प्रत अचूक उतरली का, हे फ्लॅकच्या बाबतीत थेट पडताळता येते, कारण मूळ ध्वनीचा एमडी५ अंक, म्हणजे त्या ध्वनीवरूनच काढलेली सांकेतिक खूण, सामान्यतः फायलीतच नोंदलेला असतो आणि चाचणीत तो पुन्हा काढून ताडून पाहता येतो. हा अंक केवळ ध्वनीचा असतो, टॅगांचा नव्हे. टॅगांसह संपूर्ण फायलींची तुलना स्वतंत्रपणे करावी लागते, आणि ती पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्क पुसली जात नाही.